विश्लेषण : क्रिएटिनिन ०.८ ‘नॉर्मल’, मग बाळाची किडनी धोक्यात कशी?

वर्धा : रिपोर्टवर क्रिएटिनिन ०.८. शेजारी छापलेली मर्यादा ०.६ ते १.२. आकडा मर्यादेत, म्हणून घरचे निश्चिंत. पण रुग्ण दोन वर्षांचा असेल, तर छापलेली मर्यादा त्याची नाहीच. ती मोठ्या माणसाची आहे.

विषय महत्त्वाचा का?
सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचे औषध घेतल्यानंतर २० हून अधिक मुले दगावली. औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळले. मुलांची लघवी थांबली, किडन्या निकामी झाल्या. अनेकांना उपचारासाठी नागपूरला हलवावे लागले. अशा आजारात प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

मुलांचा आकडा वेगळा का?
क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. लहान मुलांचे स्नायूच कमी, त्यामुळे दोन वर्षांच्या मुलात ते साधारण ०.२ ते ०.४ असते. नवजात बाळाच्या पहिल्या काही दिवसांच्या आकड्यात तर आईच्या रक्ताचा वाटा असतो.

उंचीचा काय संबंध?
श्वार्ट्झ यांच्या २००९ च्या सूत्रानुसार सेंटिमीटरमधील उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागतात. ८५ सेंमी उंचीच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.३ असेल तर उत्तर ११७, म्हणजे किडनी ठणठणीत. तेच ०.८ असेल तर ४४. या वयात ते ९० च्या वर हवे. मात्र आकडा रोज बदलत असेल तेव्हा हे सूत्र पुरत नाही. तेव्हा वाढ पाहतात : ४८ तासांत ०.३ ने किंवा ७ दिवसांत दीडपट वाढ झाली, तर ती किडनीला झालेली तीव्र इजा मानतात.

कुपोषित मुलांचे काय?
स्नायू झिजलेल्या मुलात किडनी बिघडूनही क्रिएटिनिन कमी दिसू शकते. तिथे ‘सिस्टॅटिन सी’ ही रक्ततपासणी उपयोगी पडते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. पण ती महाग आहे, सगळीकडे होत नाही आणि स्टिरॉइड सुरू असतील तर तिचाही आकडा बदलतो.

मग करायचे काय?
यासाठी नवे यंत्र लागत नाही. लॅबने मुलाच्या रिपोर्टवर त्याच्या वयाची मर्यादा छापावी आणि तपासणीच्या फॉर्मवर उंचीचा रकाना ठेवावा. अंगणवाडीत मुलांची उंची मोजली जातेच. तो आकडा दवाखान्यापर्यंत पोहोचायला हवा. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये वर्धा जिल्ह्यात आहेत. पण आर्वी किंवा कारंजातील मुलाची पहिली तपासणी बहुधा गावाजवळच्या लॅबमध्ये होते. चूक तिथेच टळली पाहिजे.

पालकांनी ‘नॉर्मल’ या शब्दावर थांबू नये. ‘हे माझ्या मुलाच्या वयासाठी नॉर्मल आहे का?’ असे डॉक्टरांना विचारावे. आजारी मुलाला सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठावा.