कंपनीत 'लागला' की शिकायला गेला?

आपल्याकडे 'लागला' या शब्दाला भारी वजन आहे. मुलाला गुडगावच्या मोटार कारखान्यातून शिकाऊ उमेदवारीचे पत्र आले, की घरात पेढे येतात आणि करोलबागेतल्या मावशीपासून साताऱ्याच्या काकांपर्यंत निरोप जातो, 'आपला बंड्या मारुतीत लागला!' आनंद जरूर करावा, पण शब्द तेवढा बदलावा. बंड्या शिकायला गेला आहे. घरच्यांनी हे पहिल्याच दिवशी ओळखले नाही, तर वर्ष संपताना फार जड जाते.

गैरसमज होण्यासारखी परिस्थितीही असते. गुडगावच्या, म्हणजे २०१६ पासूनच्या गुरुग्रामच्या, कारखान्यातून मारुतीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली. सुझुकीबरोबर काही जपानी रीतीही आल्या. साहेब आणि कामगार यांना एकच गणवेश, जेवायला एकच कँटीन, पाळी सुरू होण्याआधी व्यायाम. अशा ठिकाणी कायम कामगार कोण, ठराविक मुदतीचा कोण आणि शिकाऊ कोण, हे बाहेरच्याला कपड्यांवरून कळत नाही.

कायद्याला मात्र ते नेमके कळते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार हा मुलगा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. म्हणून त्याला पगार नव्हे, विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांनी त्याची किमान रक्कम ठरवली ती अशी : आयटीआय झालेल्यास दरमहा ७,००० रुपये, डिप्लोमावाल्यास ८,००० आणि पदवीधर इंजिनियरला ९,०००. एवढ्यात परगावी खोलीभाडे, जेवण आणि जाणे-येणे भागवायचे, तर घरून थोडी मदत लागते. हे आधीच धरून चालावे.

कायद्याने काही संरक्षणही दिले आहे. शिकाऊ मुलाला ओव्हरटाइम करायला लावायचा तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी लागते, आणि ती प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हितासाठीच मिळते. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. म्हणून करारपत्राची एक प्रत घरी ठेवावी आणि कराराची रीतसर नोंदणी झाली आहे ना, हे विचारून घ्यावे.

आता मुख्य गोष्ट, शिकण्याची. मोठ्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर मिनिटाभरात गाडी पुढे सरकते. एका जागी उभे राहून तेच चार बोल्ट आवळायचे, हे काम महिन्याभरात हाताला येते. त्यानंतर पाय दुखतात, मन कंटाळते आणि डोके झोपी जाते. पण तोच बोल्ट ठराविक जोरानेच का आवळायचा, कमी-जास्त झाला तर पुढे काय बिघडते, लाइन थांबली की कोण धावत येतो आणि दोष कसा शोधतो, हे ज्याने विचारले तो काही तरी घेऊन बाहेर पडतो. त्यासाठी रोज रात्री वहीत दहा ओळी लिहाव्यात. आज कोणते यंत्र पाहिले, काय बिघडले, कसे दुरुस्त झाले. पुढच्या मुलाखतीत प्रमाणपत्र सगळेच दाखवतात. अशा वहीतले चार अनुभव सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

आणि नंतर नोकरी? करारात तशी अट नसेल, तर कंपनी नोकरी देण्यास बांधील नाही. उत्तर प्रदेशच्या एसटीत शिकलेल्या उमेदवारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की, बाकी पात्रता समान असेल तर शिकाऊ उमेदवारी केलेल्यास प्राधान्य द्यावे. प्राधान्य म्हणजे हमी नव्हे. २०१४ च्या दुरुस्तीने प्रत्येक कंपनीला अशा मुलांच्या भरतीचे स्वतःचे धोरण ठरवायला सांगितले. तेव्हा 'तुमचे धोरण काय?' हा प्रश्न मुलाने रुजू होतानाच नम्रपणे विचारावा. मार्च २०१८ मध्ये रेल्वेत शिकाऊ उमेदवारी केलेल्या मुलांनी माटुंगा-दादरदरम्यान रुळांवर बसून मुंबईची लोकल अडवली होती, हे अनेकांना आठवत असेल. त्यांची मागणी नोकरीचीच होती. शिकणे आणि लागणे यांतल्या दरीत पडलेली ती मुले होती.

म्हणून आईवडिलांना एकच विनंती. रविवारी फोन आला, की 'कायम कधी करणार?' असे दर खेपेस विचारू नका. त्याचे उत्तर त्याच्या हातात नसते आणि बिचारा निष्कारण खजील होतो. 'या आठवड्यात नवीन काय शिकलास?' असे विचारा. सुरुवातीला तो 'काही नाही' म्हणेल. दोन-तीन रविवारांनी उत्तर देण्यासाठी तरी तो सुपरवायझरला काही विचारू लागेल. आणि सलग दोन महिने खरोखरच 'काही नाही' हेच उत्तर आले, तर त्याला प्रशिक्षण विभागात जाऊन दुसऱ्या शॉपमध्ये बदली मागायला सांगा. शिकायला मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि हे वर्ष पुन्हा येत नाही.