नो ड्यूज घेतलं का?

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे शुद्धलेखनाची जबाबदारी संपादकांची! पण विषय सीरियस आहे.

प्रोजेक्टला आम्ही वाइल्डफ्लाय सर्व्हर घेतला. कॉन्फिगरेशन निवडलं स्टँडअलोन-फुलचं, म्हणजे जेएमएस मेसेजिंग आपोआप आलं. (साध्या स्टँडअलोनमध्ये ते नसतंच, हे नंतर कळलं.) आम्हाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. डेमोच्या आदल्या रात्री मी एक्सएमएलमधला ॲक्टिव्हएमक्यूचा अख्खा ब्लॉक उडवला. झालं! ॲप्लिकेशन डिप्लॉयच होईना. पहाटे ४ ला सापडलं, ईई सबसिस्टिमच्या डीफॉल्ट बाइंडिंग्जमध्ये जेएमएस कनेक्शन फॅक्टरीचं नाव तसंच होतं. ज्याला मी हाकललं त्याची बाकीचे वाट बघत बसलेले! ईजेबी-३ मध्येही एमडीबीसाठी त्याच्याच रिसोर्स अडॅप्टरचा उल्लेख. जुन्या पुस्तकात बघाल तर नाव हॉर्नेटक्यू दिसेल. २०१६ च्या वाइल्डफ्लाय १० पासून त्याजागी आर्टेमिस आहे.

हॉस्टेल सोडताना मेस, लायब्ररी, जिमखाना, सगळ्यांची नो ड्यूजवर सही लागते ना? तसंच हे. आधी एक्सएमएलची कॉपी ठेवा, मग कोण कोण त्याचं नाव घेतं ते शोधून काढा, ब्लॉक शेवटी. आणि चालू सिस्टिममध्ये क्यू रिकामी झाल्याशिवाय हातच लावू नका; न पोचलेले मेसेज डिस्कवरच्या जर्नलमध्ये पडून असतात. ते कुणाच्या तरी कामाचे असतात हो!

माझी खरी तक्रार वेगळी आहे. व्हायवात विचारतात, काय काय ॲड केलं? काय काढलं आणि कसं, हे आजवर एकाही एक्स्टर्नलने विचारलं नाही. सबमिशनच्या फाईलमध्ये त्याला पानच नाही. यंदा मी जोडणार आहे, मार्क मिळोत न मिळोत.