पदक एकाचे, सेवा दोघांची

खडकीच्या छावणीतील जुनी प्रार्थनामंदिरे गोऱ्या पलटणींसाठी उभारली गेली आणि तेथील पाद्री सरकारी मुशाहिऱ्यावर नेमलेला, मुदत संपताच विलायतेस परतणारा असे. परंतु अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ॲलन ह्यूम, ज्यांचा जन्मच १८४७ साली मुंबईस झाला, ते १८७४ पासून १९२६ पर्यंत, म्हणजे ऐंशीच्या घरात पोहोचेतो, अहमदनगरास राहिले. अशा मनुष्यास परदेश तरी कोणता म्हणावा? त्यांच्या द्वितीय पत्नी केटी या नगरकडील वडाळ्याच्या फेअरबँक या मिशनऱ्याच्या कन्या, म्हणजे त्याही याच मुलुखाशी जडलेल्या. दुष्काळातील सेवेबद्दल ह्यूमसाहेबांस १९०१ मध्ये कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले, व ते यथायोग्यच होते. धर्मांतराविषयी आमचे मतभेद असले तरी भुकेल्याच्या मुखी पडलेला घास आम्ही नाकारीत नाही. तथापि अनाथ मुलांचे अंथरूण-पांघरूण, औषधपाणी, दारी आलेल्यांची विचारपूस असा नित्याचा कारभार मिशनांच्या बंगल्यांतून बहुधा स्त्रियांच्याच शिरावर असे, आणि दप्तरी त्याची नोंद ‘मिसेस’ एवढ्यावरच आटोपते. खडकी-नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी आपल्या जुन्या दप्तरांतून या स्त्रियांची नावे शोधून प्रसिद्ध करावीत, अशी आमची विनंती आहे.