शस्त्र खिशात नव्हे, मनगटात!

काही दिवसांपूर्वी एका कार्यकर्त्याच्या घरी गेलो होतो. चहा झाल्यावर वहिनींनी कपाटातून एक वस्तू आणून टेबलावर ठेवली आणि विचारले, "भाऊजी, हे हत्यार आहे की खेळणं?" दोन दांड्यांच्या आत मिटणारे आणि मनगटाच्या झटक्याने बाहेर येणारे ते पाते होते. फिलिपिन्समधील बातांगास प्रांतात बनणारा आणि 'बालिसाँग' या नावाने जगभर विकला जाणारा हा चाकू. महाविद्यालयात शिकणाऱ्या चिरंजीवांनी तो मागवला होता. कारण विचारता तो म्हणाला, "काका, ताईला क्लासहून यायला रात्रीचे दहा वाजतात. रस्त्यावर दिवे नसतात. तिच्या पर्समध्ये ठेवायला घेतला."

मुलाच्या हेतूला नावे ठेवण्याचे धैर्य मला झाले नाही. बहिणीच्या वाटेवरचा अंधार ज्याला अस्वस्थ करतो, तो मुलगा वाया गेलेला नव्हे. आपल्याकडे एक विद्वान वर्ग असा आहे की, घरातल्या मुलाने काठी हाती घेतली की त्याला लगेच हिंसेचा वास येतो. 'पोलीस आहेत, कायदा आहे, तुम्हाला काठ्या कशाला हव्यात?' असे हा वर्ग वातानुकूलित सभागृहात बसून विचारतो. रात्री दहाच्या त्या रस्त्यावरून त्याला स्वतःला चालावे लागत नाही. स्वसंरक्षण हा अपराध नाही, तो हक्क आहे, आणि दुर्बलाच्या बाबतीत तर कर्तव्य आहे. याविषयी आपल्या मनात कोणताही संकोच असण्याचे कारण नाही.

परंतु हेतू शुद्ध असला म्हणून साधन योग्य ठरत नाही. ज्या फिलिपिनो युद्धकलेची छायाचित्रे पाहून या मुलाने चाकू निवडला, त्या कलेनेच त्याला वेगळे उत्तर दिले असते. त्याने ते विचारलेच नाही. बाजाराला विचारले, आणि बाजाराने जे चकाकते ते विकले.

ही कला आर्निस, एस्क्रिमा आणि काली अशा तीन नावांनी ओळखली जाते. तिचे वैशिष्ट्य असे की, बहुतेक युद्धकलांत आधी रिकाम्या हातांचे शिक्षण आणि मग शस्त्राचे. इथे क्रम उलटा आहे. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याच्या हाती काठी दिली जाते. ही काठी वेताची, सुमारे २८ इंच लांब आणि इंचभर जाडीची असते. वेत बांबूसारखा पोकळ नसतो. घाव बसला की त्याच्या अणकुचीदार कपच्या उडत नाहीत. तो तंतूतंतूने झिजत जातो. म्हणून दोघे जण समोरासमोर तासन्‌तास सराव करू शकतात. कोणता घाव कोणत्या कोनातून येतो, याला क्रमांक दिलेले असतात. अनेक घराण्यांत असे बारा कोन शिकवतात. दोन्ही हातांत काठ्या घेऊन चटई विणल्यासारख्या फिरवण्याच्या सरावाला 'सिनावाली' म्हणतात. हे नावच मुळी विणलेल्या बांबूच्या तट्ट्यावरून आले आहे. पुढे काठी आणि खंजीर, मग खंजीर, मग रिकामा हात, अशी वाटचाल होते. सर्व पायऱ्यांवर मनगटाची आणि पावलांची हालचाल मात्र तीच राहते.

तेव्हा या कलेतून स्वसंरक्षणासाठी एक शस्त्र निवडायचे झाले, तर ते कोणते? माझे उत्तर निःसंदिग्ध आहे. आखूड काठी. चाकू नव्हे, करंबित नव्हे, बोलो नव्हे, आणि तो चकाकणारा बालिसाँग तर मुळीच नव्हे.

याची कारणे भावनिक नाहीत, व्यावहारिक आहेत. पहिले कारण अंतराचे. चाकू वापरायचा तर हल्लेखोराच्या कवेत शिरावे लागते. म्हणजे जिथून सुटायचे, तिथेच आपण होऊन जायचे. काठी दीड हातापलीकडून काम करते आणि मागे सरायला जागा ठेवते. दुसरे कारण थांबण्याचे. काठीच्या घावाला मात्रा असते. मनगटावर मारता येते, गुडघ्यावर मारता येते, नुसता धाक दाखवून निघूनही जाता येते. पात्याला मात्रा नसते. घाबरलेल्या हाताने चालवलेला चाकू कुठे लागेल आणि किती खोल जाईल, हे चालवणाऱ्यालाही ठाऊक नसते. तिसरे कारण हिसकावले जाण्याचे. अननुभवी मुलीच्या पर्समधला चाकू अखेरीस कोणाच्या हाती पडेल, याचा विचार त्या भावाने केला होता काय? चौथे कारण सरावाचे. खऱ्या पात्याने खरा सराव करताच येत नाही आणि सरावाविना शस्त्र म्हणजे केवळ ओझे.

ही फिलिपिनो कला एक मार्मिक गोष्ट शिकवते. हल्लेखोराच्या देहावर नव्हे, शस्त्र धरलेल्या हातावर प्रहार करा. सापाचे विषदंत काढले की साप दोरीसारखाच. या तत्त्वाचे महत्त्व समजून घ्यायचे तर २७ एप्रिल १५२१ हा दिवस आठवावा. सेबूजवळच्या माक्तान बेटावर स्पेनच्या राजाचे दळ घेऊन फर्डिनांड मॅगेलन उतरला. चिलखत, बंदुका, पोलादी तलवारी हे सर्व त्याच्याकडे होते. समोर लापु-लापु या स्थानिक सरदाराचे लोक होते. मॅगेलनबरोबर असलेल्या आंतोनियो पिगाफेत्ता याने तो प्रसंग लिहून ठेवला आहे. मॅगेलनने तलवारीला हात घातला, पण ती अर्धीच म्यानाबाहेर येऊ शकली, कारण त्याच्या दंडाला बांबूच्या भाल्याची जखम झालेली होती. पुढे पायावर घाव बसून तो कोसळला आणि तिथेच संपला. त्या दिवशी माक्तानच्या किनाऱ्यावर आजची आर्निस होती, असा दावा करण्याची गरज नाही. बोध पुरेसा स्पष्ट आहे. पोलाद कमरेला असून उपयोगी पडले नाही, कारण हात निकामी झाला होता.

आता कायद्याचा विचार करू, कारण तो न करता दिलेला सल्ला घातक ठरतो. आपल्याकडे शस्त्रनियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे. म्हणून लहान चाकू खिशात ठेवायला हरकत नाही, असा सोयीचा समज तरुण करून घेतात. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर चाकूच काय, काठ्या-लाठ्या घेऊन फिरण्यावरही बंदी येते. प्रत्यक्ष फिलिपिन्समध्येही १९७२ साली मार्कोस राजवटीच्या फर्मानाने खंजीर, बोलो, क्रिस, बालिसाँग आणि दंडुका घराबाहेर बाळगणे गुन्हा ठरवला गेला. उपजीविकेची अवजारे तेवढी वगळली गेली. ज्या देशाने बालिसाँग जगाला दिला, त्या देशानेही तो रस्त्यावर खुशाल मिरवू दिला नाही!

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे. बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला अशा प्रसंगी तो हल्लेखोराच्या प्राणापर्यंतही पोहोचतो. मात्र बचावासाठी जेवढी आवश्यक, त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत तो कधीच जात नाही. कोर्टात प्रश्न मात्रेचाच विचारला जातो, आणि मात्रा काठीला आहे, हे वर सांगितलेच.

'पण काठीही नेता येत नसेल, तर शिकून काय उपयोग?' हा आक्षेप येणारच. त्याचे उत्तर हीच या कलेची खरी थोरवी आहे. ज्याच्या मनगटात बारा कोन मुरले, त्याला काठी सोबत न्यावीच लागत नाही. मिटलेली छत्री, आजोबांची चालण्याची काठी, झाडूचा दांडा, पट्ट्याने धरलेली पिशवी, प्रत्येक वस्तू त्याच्या हातात काठी होते. २००४ सालच्या 'बोर्न' मालिकेतील चित्रपटात नायक गुंडाळलेल्या मासिकाने चाकूवाल्याला तोंड देतो, तो अनेक तरुणांनी पाहिला असेल. वाचकांनी हे साप्ताहिक त्या कामी वापरावे, असा माझा आग्रह नाही. पण तत्त्व तेच आहे. चाकू हरवला की चाकूवाला निःशस्त्र होतो. काठी शिकलेला माणूस निःशस्त्र होतच नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा. 'आपली लाठी असताना परक्या देशाची काठी कशाला?' आणि त्याला जोडून येणारे समाधान, 'काली हे नाव म्हणजे आपली कालीमाताच की! ती कला मुळात इथूनच गेली.' मी नम्रपणे सांगतो, हा मोह आवरावा. नावाच्या साम्यावरून इतिहास सिद्ध होत नाही. 'एस्क्रिमा' हा शब्द तलवारबाजीच्या स्पॅनिश शब्दावरून आला, 'आर्निस' हा चिलखताच्या स्पॅनिश शब्दावरून. १५६५ ते १८९८ अशी तीन शतकांहून अधिक स्पॅनिश सत्ता, पुढे १९४६ पर्यंत अमेरिकी वर्चस्व. एवढे सोसून त्या समाजाने शब्द परके घेतले, पण मनगट आपले ठेवले. दुसऱ्याच्या तपश्चर्येवर आपले नाव कोरणे हा स्वाभिमान नव्हे. आपली तपश्चर्या पुन्हा सुरू करणे हा स्वाभिमान होय.

त्यांनी काय केले, ते पाहा. १९३२ साली सेबूमध्ये 'दोसे पारेस' ही संस्था उभी राहिली आणि विखुरलेले उस्ताद एका छत्राखाली आले. पुढे रेमी प्रेसास यांनी ओळखले की, सरावात एकमेकांच्या हातांवर काठ्या मारण्याच्या जुन्या रीतीने विद्यार्थी जखमी होतात आणि टिकत नाहीत. त्यांनी काठीवर काठी मारण्याचा सराव रूढ केला. एका लहान सुधारणेने कला उस्तादाच्या अंगणातून शाळेच्या मैदानात आली. ११ डिसेंबर २००९ रोजी प्रजासत्ताक अधिनियम क्र. ९८५० ने आर्निस ही राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय क्रीडा ठरली. 'पालारोंग पाम्बान्सा' या त्यांच्या राष्ट्रीय शालेय क्रीडामेळ्यात पहिल्या दिवशी पहिली स्पर्धा आर्निसचीच व्हावी, असे त्या कायद्यातच लिहिले आहे.

आणि आपण? १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी आपल्या हातातील शस्त्रे काढून घेतली, हे आपण व्याख्यानांतून नेहमी सांगतो. परंतु फरी-गदका कोणी काढून घेतला? गदका म्हणजे आखूड काठीच. एका हातात लहान ढाल, दुसऱ्यात गदका, असा तलवारीचा सराव महाराष्ट्राच्या आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. लाठी, बनेठी, बोथाटी, दांडपट्टा यांचे शास्त्र बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायामज्ञानकोशा'च्या दहा खंडांत १९३६ ते १९४९ या काळात ग्रथित करून ठेवले. ते खंड आज किती घरांत, किती शाळांत उघडले जातात? २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. घोषणा झाली, आनंद झाला; पण तुमच्या वस्तीतील शाळेच्या क्रीडादिनी पहिली स्पर्धा कशाची असते? कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांनी जे जिवंत ठेवले, ते आपण शिवजयंतीच्या मिरवणुकीत दोन तास पाहतो आणि भ्रमणध्वनीत साठवून घरी येतो.

कटू वाटेल, पण आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांतही दंड हा गणवेशाबरोबर कोपऱ्यात उभा असतो, संचलनाच्या दिवशी बाहेर निघतो आणि पुन्हा कोपऱ्यात जातो. १९३६ साली वर्ध्यात मावशी केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली, तेव्हा स्त्रीने स्वतःचे रक्षण स्वतः करावे, हा विचार त्यामागे होता. त्या विचाराचे वारस म्हणवणाऱ्या घरातील मुलीच्या पर्समध्ये भाऊ परदेशी चाकू ठेवतो आणि तिच्या हातात मात्र कोणी काठी देत नाही, ही लाजिरवाणी विसंगती आहे. रक्षण करायचे ते तिच्या वतीने नव्हे. तिला समर्थ करायचे.

म्हणून सांगणे साधे आहे. पुरुषभर लाठी मैदानात शोभते, ती अवश्य शिकावी. पण जिन्यात, लिफ्टमध्ये, रेल्वेच्या डब्यात ती फिरत नाही. तिथे दीड हाताची काठीच चालते. ती फिलिपिनो पद्धतीने शिकवणारा जाणता शिक्षक जवळ असेल तर त्याच्याकडे जा. गदक्याचा उस्ताद असेल तर त्याच्याकडे जा. दोन्ही असतील तर भाग्य. रोज वीस मिनिटे, दोन्ही हातांनी, भाऊ-बहीण समोरासमोर. पहिला धडा निसटण्याचा आणि ओरडून मदत बोलावण्याचा, दुसरा शस्त्र धरलेल्या हाताचा, तिसरा थांबण्याचा. ज्याला थांबता येत नाही त्याला शिकवू नये, हाही नियम पाळावा.

त्या दिवशी निघताना मुलाने विचारले, "मग काका, ताईच्या पर्समध्ये काय ठेवू?"

मी म्हटले, "काही नको ठेवू. उद्या सकाळी सहाला तिला मैदानावर घेऊन ये. दोन वेताच्या काठ्या मी आणतो."