लेकीचा सिनेमा आणि आईच्या पाटल्या

मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच पत्र घेतलंय. प्रश्न पाठवणारी एक असली तरी तो आज ना उद्या पुष्कळ घरांत येणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पत्र आहे यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनहून. ताईंची मुलगी नागपूरला राहून जनसंवाद शिकते, शेवटचं वर्ष आहे. परीक्षेचा भाग म्हणून तिला बारा मिनिटांचा एक लघुपट करून द्यायचाय आणि तो आपल्या गावातच करायचा असं तिच्या मनानं घेतलंय. तिनं खर्चाचा कागद घरी पाठवला. बेरीज ९२,००० रुपये! वडील एवढंच म्हणाले, "शिकायले धाडलं का सिनेमा काढायले?" आणि उठून गेले. ताई विचारतात, "माझ्या दोन पाटल्या आहेत. ह्यांना न सांगता गहाण ठेवू का?"

नको, ताई. पाटल्या कपाटातच राहू द्या. पण मुलीला 'नाही'ही म्हणू नका.

सिनेमा आणि बायकोचे दागिने म्हटलं की आपल्याकडे सरस्वतीबाई फाळक्यांचं नाव निघतंच. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, त्यापायी त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायलाही शिकल्या. हे सगळं खरं. पण त्याआधीची वाटाण्याची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. दादासाहेब १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा या नव्या उद्योगाला पैसे कोण देणार? त्यांनी घरीच एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि कोंब वर येऊन रोप वाढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. 'अंकुराची वाढ' हा तो मिनिटभराचा चित्रपट. पडद्यावर रोप भराभर वाढताना पाहिलं, तेव्हा कुठे कर्ज देणारे पुढे आले.

तर मुलीला म्हणा, बाई, आधी तुझा वाटाणा दाखव. हातातल्या फोनवर, घरातल्या घरात, दोन मिनिटांचा एक प्रसंग कर. त्याला दमडी लागत नाही. तो वडिलांना दाखव, मग पैशाचं बोलू.

आता त्या ९२,००० च्या कागदाकडे येऊ. असा कागद हातात आला की आपण लगेच आकड्यांवर लाल रेघा मारायला बसतो. तसं करू नका. आधी गोष्ट मागा. खर्च गोष्टीत असतो, कागदावर तो नुसता उमटतो. ताईंच्या पत्रावरून दिसतं की मुलीच्या गोष्टीत शाळा आहे, तहसील कचेरी आहे, आदिलाबादकडे जाणारी गाडी आणि मुकुटबनचं स्टेशन आहे, शेत आहे, रात्रीचा एक मोठा प्रसंग आहे, अकरा पात्रं आहेत आणि वरून गाव दाखवायला ड्रोन आहे. एका जागेवरून दुसऱ्या जागी सामान हलवायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. रात्रीचा प्रसंग म्हणजे भाड्याचे लाइट. स्टेशन म्हणजे रेल्वेची परवानगी, ती हाती येईपर्यंत परीक्षा होऊन जायची. आणि ड्रोनशिवाय जी गोष्ट कळत नाही, ती ड्रोननंही कळत नाही, असं माझं मत आहे.

एक साधा हिशेब ध्यानात ठेवा. लिहिलेल्या संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. बारा मिनिटांना बारा पानं. नवशिक्या मुलांच्या हातून दिवसाला तीन पानांहून जास्त काम नीट होत नाही, म्हणजे चित्रणाचे दिवस झाले चार. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या चिदानंद नाईक या विद्यार्थ्यानं एका वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी केलेला सोळा मिनिटांचा लघुपट चारच दिवसांत चित्रित केला होता. २०२४ मध्ये त्याला कानच्या महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागातलं पहिलं बक्षीस मिळालं. गोष्ट कसली, तर एका म्हातारीनं गावातला कोंबडा चोरला आणि उजाडायचंच थांबलं!

आपल्या मराठीतली उदाहरणं तर आणखी जवळची. उमेश कुलकर्णींनी त्याच संस्थेत शिकताना 'गिरणी' केला. घर चालवायला आई घरात पिठाची गिरणी आणते आणि तिच्या घरघरीत लहान मुलाचं जग बदलून जातं. आपल्या कितीतरी मैत्रिणींच्या घरात तशी गिरणी आहे, पण ती सिनेमाची गोष्ट आहे असं आपल्याला कधी वाटलं नसेल. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कॉलेजात शिकत होते तेव्हा अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' केला. शाळेत जावंसं वाटणाऱ्या एका गरीब मुलाची ती गोष्ट. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाचा पहिला लघुपट म्हणून तो निवडला गेला. त्यातला मुलगा सूरज पवार पुढे 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) मध्येही दिसला. या गोष्टी मोठ्या झाल्या, त्या काही सामानामुळे नव्हे.

आता पत्रातली मला सर्वांत जास्त खुपलेली ओळ. मुलीला शेतकऱ्याच्या आत्महत्येवर सिनेमा करायचाय आणि त्यात 'खरेपणा यावा म्हणून' शेजारच्या एका बाईला, जिचा नवरा असाच गेला, कॅमेऱ्यासमोर बसवायचंय. रडली तर उत्तमच, असंही लिहिलंय म्हणे.

यवतमाळ जिल्ह्यात गेली वीस-पंचवीस वर्षं कॅमेरे येताहेत. त्या दारांपुढे किती जणांनी गाड्या उभ्या केल्या, फोटो घेतले, "तुम्हांला कसं वाटतं?" विचारलं आणि धूळ उडवत निघून गेले. पोरीचा हेतू वाईट नाही, मला ठाऊक आहे. पण ती बाई तुमची शेजारीण आहे. तुम्ही विरजण मागायला तिच्याकडे जाता. तुमच्या लेकीला ती 'नाही' म्हणू शकणार नाही, आणि जिला नाही म्हणता येत नाही तिचा होकार हा होकारच नव्हे. मुलगी गुण घेऊन नागपूरला जाईल. तुम्हांला आणि तिला एकाच गल्लीत राहायचंय. इथे मात्र ताई, तुम्ही आई म्हणून पाय रोवून उभ्या राहा. तिनं आपण होऊन काही सांगायचं म्हटलं तर आधी कॅमेऱ्याशिवाय ऐका, काय दाखवणार ते तिला समजावून सांगा, तयार झालेला लघुपट सगळ्यांत आधी तिला दाखवा, आणि काढ म्हणाली तर काढा. एवढी तयारी नसेल तर तो विषय सोडा.

मग गोष्ट कुठली? अहो, ती ताईंच्याच पत्राच्या शेवटी आहे, अगदी जाता जाता लिहिलेली: "भाव नाही म्हणून कापूस घरातच भरून ठेवलाय, आम्ही सगळे ओसरीवर निजतो, अंगाला नुसती खाज सुटते."

मी ते वाक्य तीनदा वाचलं. सीतादही करून पहिली वेचणी होते, घरात पांढरं सोनं येतं. आणि भाव वाढेल या आशेवर ते सोनं खोलीत चढत जातं, खिडकी झाकली जाते, देवघराच्या कोनाड्यापर्यंत येतं. माणसं मात्र एकेक पाऊल मागे सरकत ओसरीवर. पोरांना आधी उड्या मारायला गंमत वाटते, मग अंगावर चट्टे उठतात. रोज संध्याकाळी कुणी तरी भाव विचारून येतं. एक घर, चार माणसं, एक ऋतू. बाहेरच्या जगाला हे ठाऊकच नाही हो! यात कुणाला रडवायला नको आणि ड्रोन उडवायला नको. संवादही घरात बोलता तसेच ठेवायला सांगा, "काहून", "कायले" सगळं असू द्या. तुमच्या भागात बाजारात तेलुगू कानावर पडतं, तेही येऊ द्या.

या गोष्टीसाठी कापूस हवा, आणि कापूस आहे वडिलांचा. म्हणजे त्यांना न सांगता काही करायचा प्रश्नच मिटला! मुलीनं संहिता घेऊन त्यांच्यापाशी बसावं आणि वाचून दाखवावी. ज्या घरात माणूस सिनेमाच्या नावानं उठून जातो, तिथे तोच माणूस कापसाच्या नावानं तासभर बोलेल.

आता तयारीच्या काही गोष्टी. कापसाच्या खोलीत कुठलाही तापणारा दिवा न्यायचा नाही, हॅलोजन तर नाहीच. खिडकीचा उजेड आणि पांढरी चादर धरून परतवलेला उजेड पुष्कळ होतो. अगदीच गरज पडली तर न तापणारा एलईडी. वायरचे जोड खोलीच्या बाहेर ठेवा, पाण्याच्या दोन बादल्या दाराशी ठेवा, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला अंगणाच्याही पलीकडे उभं करा. हे मुलांवर सोडू नका, तुम्ही स्वतः बघा.

चित्र बरं आलं आणि बोलणं ऐकू आलं नाही तर सगळं फुकट. म्हणून आवाजासाठी चांगला माइक भाड्यानं घ्यायला सांगा, या एका खर्चाला मी हरकत घेणार नाही. चित्रण चालू असताना पंखा आणि फ्रिज बंद, कुकरची शिट्टी नाही. पात्राची साडी, टिकली, बांगड्या चारही दिवस त्याच. रोज सुरुवातीला आणि शेवटी फोनवर एक फोटो काढून ठेवला की घोळ होत नाही. रात्री सगळं चित्रण दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवल्याशिवाय कुणी झोपायचं नाही.

जेवणाचंही आधीच ठरवून घ्या, नाहीतर ते गृहीत धरलं जातं. सहा मुलं आणि बाहेरून आलेली दोन पात्रं म्हणजे आठ माणसं. चार दिवसांत ३२ दुपारची पानं, ३२ रात्रीची. चहा दिवसातून चारदा धरला तर १२८ कप, नुसत्या चहालाच आठेक लिटर दूध. ही रक्कम खर्चाच्या कागदावर लिहायला लावा. आठ जणांचा वाटा आठ जणांत पडू द्या आणि भांडी मुलांनी घासावीत. दुपारी वरण-भात-भाजी, रात्री पिठलं-भाकरी पुरे.

आणि वेळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत करू असं मुलं म्हणतील. मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, फोनसुद्धा तापून बंद पडतात, शिवाय तोवर शेतातली पऱ्हाटी उपटलेली आणि कापूस विकून गेलेला. शेतातला प्रसंग हवा असेल तर डिसेंबर-जानेवारीतच एका सकाळी उरकून घ्या. बाकीचे दिवस विक्रीच्या तारखेवरून मागे मोजा.

ती तारीख वडिलांकडून आधीच घ्या. कापूस जिनिंगला न्यायला गाडी दाराशी येईल, खोली रिकामी होईल, खिडकीतून पुन्हा ऊन येईल. हे एकदाच होणार, गाडीवाला पुन्हा भरून दाखवणार नाही. त्या दिवशी दोन फोन दोन बाजूंनी लावायला सांगा, एक खोलीत आणि एक ओसरीवर. आणि भाकरी पहाटेच थापून ठेवा. गाडी आल्यावर चुलीपाशी जायला सवड मिळणार नाही.