रिचर्ड टेंपल यांना कोणत्या मापाने मोजायचे? (धागा)

१/ मुंबईचे गव्हर्नर (१८७७–८०) सर रिचर्ड टेंपल यांचा विषय निघाला की एक बचाव हमखास पुढे येतो. दुष्काळातही सरकारने हात आखडता ठेवावा, हेच त्या काळाचे अर्थशास्त्र होते. आजच्या मापाने त्यांना मोजू नये. ठीक. त्यांना त्यांच्याच मापाने मोजू.

२/ १८७३–७४ मध्ये बिहारमध्ये पीक बुडाले. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांच्या सरकारने ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवला. मदतकार्याची सूत्रे टेंपल यांच्याकडे होती. भूकबळी जवळजवळ टळले. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश हिंदुस्थानात असे यश क्वचितच दिसते. मात्र बोभाटा झाला तो उधळपट्टीचा!

३/ तीन वर्षांनी, जानेवारी १८७७ मध्ये, नवे व्हाइसरॉय लिटन यांनी याच टेंपल यांना दक्षिणेतील दुष्काळाची पाहणी करण्यास धाडले. खर्च कमी करणे हा हेतू उघड होता. टेंपल यांनी दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाची मजुरी ठरवली: एक पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर, धान्याइतके पैसे आणि वर एक आणा. स्त्रिया व मुलांना त्याहून कमी.

४/ 'तेव्हा कोणाला कळत नव्हते' हे तर साफ खोटे. एवढ्या अन्नावर कष्टकरी देह टिकत नाही, असे मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच बजावले; अखेर मद्रास सरकारला मजुरी वाढवावी लागली. मुंबई इलाख्यात तर उपाशी मजुरांनीच कामे सोडली. दुष्काळात संप! पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

५/ त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली. त्या सर्वांचे पाप एकट्या टेंपल यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. धोरण लिटन यांचे होते. परंतु माणसे कशी वाचवायची हे ज्या मोजक्या अधिकाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते, त्यांत टेंपल अग्रभागी होते. ते अज्ञानी नव्हते, वरिष्ठांची मर्जी ओळखणारे होते.

६/ मद्रासने मजुरी वाढवली त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. १८८० मध्ये ब्रिटिश संसदेची निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी ते पद सोडले. निवडणूक ते हरले.