घराचे मोल कोणत्या हिशेबाने?

राहत्या घराचे मूल्य ठरविणे ही वरकरणी निव्वळ तांत्रिक बाब वाटते. क्षेत्रफळ मोजावे, दर पाहावा, गुणाकार करून आकडा लिहावा, एवढेच तिचे स्वरूप असते तर तिच्याविषयी येथे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु या आकड्यावर घरपट्टी ठरते, कर्ज मिळते अथवा नाकारले जाते आणि भूसंपादन आले की भरपाईही ठरते. म्हणूनच मूल्यांकनकाराने हा हिशेब कोणत्या संगणकीय साधनाने करावा, ते त्याला परवडावे कसे आणि घरमालकाला तो हिशेब तपासता यावा कसा, हे प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचे ठरतात.

धाकटी डहाणूसारख्या मच्छीमार गावाला तर या प्रश्नाची टाळाटाळ परवडणारी नाही. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला त्याची पायाभरणी झाली. या बंदराला जोडणारा रस्ता व लोहमार्ग, मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वे, बडोदे–मुंबई द्रुतगती महामार्ग, अशा एकामागून एक प्रकल्पांनी डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके वेढले आहेत. प्रकल्प इष्ट की अनिष्ट हा वाद वेगळा. ज्याच्या दारात मोजणीदार उभा राहतो, त्याच्या घराचे मोल न्याय्य रीतीने व्हावे, यावर दुमत असण्याचे कारण नाही.

बाजारात आज मूल्यांकनाची अनेक सॉफ्टवेअरे विकली जातात. त्यांतील बहुतेकांचा मूळ आधार तुलनेचा असतो: शेजारची तशीच सदनिका अलीकडे कितीला विकली गेली ते पाहायचे आणि त्यावरून या सदनिकेची किंमत काढायची. मुंबई-ठाण्यात ही रीत चालून जाते, कारण तेथे रोज खरेदीखते होतात. डहाणू तालुका मात्र अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९७४ च्या दुरुस्तीने जमीन महसूल संहितेत आलेल्या कलम ३६-अ अन्वये आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर आदिवासीच्या नावे होऊ शकत नाही. १९९१ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने तालुक्यातील भूवापरावर आणखी मर्यादा घातल्या. शिवाय मच्छीमाराचे घर विकण्यासाठी बांधलेले नसते; ते बापाकडून मुलाकडे जाते, भावाभावांत वाटले जाते. जेथे खरेदीखतेच तुरळक, तेथे तुलना कशाशी करणार? २०१३ च्या भूसंपादन कायद्यालाही ही अडचण मान्य करावी लागली आहे. जेथे अन्य कायद्याने जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आहेत, तेथे लगतच्या भागातील तशाच जमिनींवरून राज्य सरकारने किमान दर ठरवून द्यावा, असे त्याचे कलम २६ सांगते. जे कायद्याला उमगले ते शहरी सॉफ्टवेअरला उमगलेले नसते. ते रिकाम्या रकान्यात दूरच्या शहराचा आकडा आणून बसविते आणि त्या आकड्याला छापील अहवालाची प्रतिष्ठा मिळते.

रकान्यांचीही तीच गत. शयनगृहे किती, वाहनतळ आहे काय, मजला कोणता, याची विचारणा तेथे असते. पण ज्या ओट्यावर जाळी विणली जातात, ज्या मोकळ्या जागेत बोंबील वाळतात, ती जागा त्या कुटुंबाचा कारखानाच होय. तिच्यासाठी रकाना नसतो. जे मोजले जात नाही त्याची भरपाईही मिळत नाही.

मग मूल्यांकनकाराने करावे काय? सुदैवाने येथील साध्या घराच्या हिशेबाला महागड्या यंत्रणेची मुळीच गरज नाही. ग्रामपंचायतींच्या करआकारणीच्या नियमांत २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिने भांडवली मूल्याचे सूत्र दिलेलेच आहे. क्षेत्रफळाला जमिनीच्या दराने गुणावे. क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने व घसाऱ्याच्या दराने गुणावे. दोहोंची बेरीज करून तिला वापराच्या भारांकाने गुणावे. निवासी वापराचा भारांक एक आहे. रेडी रेकनर या नावाने सर्वांना ठाऊक असलेला वार्षिक मूल्यदर तक्ता नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. एवढा हिशेब लिब्रे ऑफिससारख्या फुकट मिळणाऱ्या तक्तापत्रकात कोणीही मांडू शकतो, आणि घराचा नकाशा क्यूजीआयएस या तितक्याच विनामूल्य साधनावर काढता येतो.

केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. घर ४० चौरस मीटर, जमिनीचा दर चौरस मीटरला २,००० रुपये, बांधकामाचा १०,००० रुपये आणि घसाऱ्याचा दर ०.७० असे धरले, तर जमिनीचे ८०,००० व बांधकामाचे २,८०,००० मिळून मूल्य ३,६०,००० रुपये होते. घसाऱ्याचा दर ०.८५ धरला की तेच घर ४,२०,००० रुपयांचे होते. एका रकान्यातील एका आकड्याने ६०,००० रुपयांचा फरक पडला. हा आकडा कोणी व कशावरून धरला, हे जे सॉफ्टवेअर दाखवीत नाही, ते स्वस्त असले तरी घरमालकाला महागच पडते. घर कर आकारताना नवे आणि भरपाई देताना जुने ठरले, तर ती लबाडी उघड्या तक्त्यात तत्काळ दिसते. बंद पेटीत ती वर्षानुवर्षे दडून राहते.

साधन निवडताना म्हणूनच पहिल्या वर्षाची किंमत पाहून भागत नाही. परवान्याचे वार्षिक भाडे, त्यासाठी लागणारा नवा संगणक आणि शिकवणी हे सारे धरून पाच वर्षांचा खर्च काढावा. इंटरनेट नसतानाही ते चालावे. अहवाल मराठीत निघावा. गुंठे आणि चौरस मीटर दोन्ही त्याला कळावेत. भाडे थकले म्हणून जुने अहवाल कुलूपबंद होता कामा नयेत. या शेवटच्या अटीचे महत्त्व कायद्यातच आहे. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्या माणसाला भरपाईविरुद्ध दाद मागण्यासाठी कलम ६४ अन्वये अवघी सहा आठवड्यांची मुदत मिळते. तेवढ्या काळात हिशेबाचा कागद हाती आला नाही, तर हक्क कागदावरच राहतो.

यावर मूल्यांकनकारांचे म्हणणे असे की, बँका ठराविक नमुन्यातलाच अहवाल मागतात आणि तो विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमधून सहज निघतो. हे म्हणणे निराधार नाही. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्याला वेळ हेच भांडवल असते. परंतु नमुना हा कागदाचा आकार आहे. तो तक्तापत्रकातही एकदा बसविता येतो. आणि तो खर्च प्रत्येकाने स्वतंत्रपणे का सोसावा? दर सरकारचे, सूत्र सरकारचे, २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने होणारी गावठाणांची मोजणीही सरकारी पैशातून चाललेली. या तिहींना जोडणारे साधे, खुले, मराठी साधन सरकारनेच तयार करून प्रत्येक ग्रामपंचायतीला व मूल्यांकनकाराला विनामूल्य द्यावे, यात अवाजवी असे काय आहे?

डहाणू-तलासरीच्या अंतर्भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले आणि धुंदलवाडी परिसरातील घरांना तडे गेले. त्या तड्यांचा पंचनामा असो, धाकट्या डहाणूतील घराची पट्टी असो की उद्याच्या संपादनाची नोटीस असो, मागणी एकच असली पाहिजे. मूल्याच्या आकड्यासोबत त्याचा संपूर्ण हिशेब, धरलेला प्रत्येक दर आणि मोजलेली प्रत्येक जागा मराठीत लिहून घरमालकाच्या हाती मिळावी. ग्रामसभांनी तसा ठराव करावा, आणि हिशेब दाखविल्यावाचून सांगितलेला आकडा स्वीकारू नये.